अंधुक उजेडासाठी एक स्कोप

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सुनंदा वारली. ती माझी बायको. आम्ही ओटावाजवळ कनाटात राहत होतो. त्या दिवशी संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ प्रशांत एडमंटनहून आला, नऊ दिवस राहिला आणि परत गेला.

पुढचे सात-आठ महिने मी वाचत बसलो. काय वाचलं ते विचारू नका, सांगता येणार नाही. नोव्हेंबर लागता लागता प्रशांतचा फोन आला.

"दाजी, मला एक स्कोप घ्यायचाय."

स्कोप म्हणजे रायफलीवर बसवायची नळीसारखी दुर्बीण. प्रशांत वर्षातून एकदा हरणाच्या शिकारीला जातो हे मला माहीत होतं. त्यात मी कधी लक्ष घातलं नव्हतं.

"रिव्ह्यू वाचून वाचून डोकं फिरलंय. एक म्हणतो छप्पन्न मिलिमीटरचा घे, एक म्हणतो बेचाळीसचा बास. तुम्ही मॅन्युअलवाले. या, स्टडी करा आणि सांगा."

"अरे, मी जन्मात बंदूक हातात धरलेली नाही."

"बंदूक मी धरतो. तुम्ही फक्त वाचा."

मी निवृत्त होईपर्यंत एका टेलिकॉम कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहीत होतो. ती पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला मला भेटलेला एकमेव माणूस म्हणजे मीच. त्यामुळे कोणी आपल्या वाचनाची कदर केली की मी लगेच विरघळतो. शिवाय प्रशांतला मला घराबाहेर काढायचं होतं हे मला कळत होतं, आणि मला ते कळतंय हे त्यालाही कळत होतं. तरी आम्ही दोघांनी शेवटपर्यंत स्कोपचंच नाव पुढे केलं. आमच्या दोन्ही घरांची ही रीतच आहे. मुद्द्याचं सोडून बाकी सगळं भरभरून बोलायचं.

एडमंटन

विमानतळाबाहेर उणे चौदा होतं. प्रशांतची बायको वैशाली घ्यायला आली होती. "तो का नाही आला?" असं विचारलं तर म्हणाली, "साहेब अंधार पडल्यावर गाडी काढत नाहीत आजकाल. थकतात म्हणे. आणि इथे अंधार पडतो साडेचार-पाचला!"

घरी पोचलो तर येसूर मसाल्याचा वास दारापर्यंत आला होता. नांदेडची माणसं जगात कुठेही गेली तरी येसूर सोबत नेतात. त्यात गेल्या वर्षाच्या आधीच्या वर्षीचं, फ्रीजरमधलं शेवटचं हरणाचं मटण शिजत होतं. हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे ते कोरडं पडतं. वैशालीने त्यावर उपाय शोधलाय. खोबरं दुप्पट घालायचं आणि मंद आचेवर इतका वेळ ठेवायचं की घरच्यांचा धीर सुटावा. चव बकऱ्यापेक्षा गडद लागते, जरा लोखंडासारखी. मी दोनदा वाढून घेतलं. मार्चनंतर पहिल्यांदाच दोनदा घेतलं असेल.

शिकार म्हटलं की आपल्याकडे संस्थानिकांचे फोटो आठवतात, वाघावर पाय ठेवलेले. इथे तसलं काही नाही. शाळामास्तर, नर्स, प्लंबर असे सगळे जातात. आधी शिकवणी आणि परीक्षा, मग परवाना, आणि परवान्यात लिहिलेलं असतं तेवढंच जनावर. या वर्षी प्रशांतकडे एका शिंगवाल्या नराचा परवाना होता. मादी मारली तर गुन्हा.

"दाजी, तुम्हीच सांगा याला," वैशाली पोळी वाढताना म्हणाली. "रविवारी आमच्या बेसमेंटमध्ये बुद्धवंदना होते. जीव मारणार नाही, हे पहिलं शील मोठ्याने म्हणणारा हाच. आणि शनिवारी हा रायफल पुसत बसतो."

"खातो तेवढंच मारतो मी. तू ग्रोसरीतून कोंबडी आणतेस, ती काय म्हातारपणाने मेलेली असते?"

"ते जाऊ दे. माझ्या आजोबांनी गावची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, तर गावाने त्यांचं पाणी तोडलं होतं. आणि त्यांचा नातजावई इथे बर्फातून हरीण ओढत आणतो. हौसेने! वर त्याचं लायसन्स काढून!"

"तेव्हा गाव सांगत होतं, ओढ म्हणून. आता कोणी सांगत नाही. आपल्या मर्जीने ओढतो."

"आणि कापायला मर्जी कोणाची? माझी!"

दोघं हसले. हा वाद त्यांच्यात दर वर्षी होत असावा, इतका तो सराईतपणे झाला. पण जेवणानंतर वैशाली आत गेली तेव्हा प्रशांतने आवाज खाली आणून खरं कारण सांगितलं. गेल्या नोव्हेंबरात संध्याकाळच्या उजेडात त्याने एका हरणावर गोळी झाडली. ती नीट लागली नाही. बर्फावरचं रक्त बघत तो दोन तास फिरला, पण हरीण सापडलं नाही.

"कुठेतरी पडून मेलं असेल दाजी. की नसेल मेलं. ते जास्त वाईट." त्याने पाण्याचा ग्लास फिरवला. "स्कोप जुना होता, उजेडच नव्हता त्यात. या वेळी पुन्हा तसं झालं तर रायफल विकून टाकणार. म्हणून म्हटलं, तुम्ही नीट वाचून सांगा."

दुकान

मी नीट वाचलं होतं. विमानात एक तक्ताही केला होता. त्यामागचं गणित सोपं आहे. स्कोपच्या पुढच्या भिंगाची रुंदी घ्यायची आणि वस्तू किती पट मोठी दिसते त्या आकड्याने तिला भागायचं. उत्तर येईल तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यात शिरतो. अंधारात माणसाची बाहुली सात मिलिमीटर उघडते असं सगळीकडे लिहिलेलं असतं. छप्पन्न भागिले आठ, सात. प्रश्न मिटला. छप्पन्नचा घ्या.

दुकान शहराच्या टोकाला होतं. तिथली मार्लीन नावाची बाई सत्तरीची असेल. गळ्यात चष्मा, हातात कॉफीचा मोठा मग. तिने माझा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मला फार बरं वाटलं.

"तुमचं वय काय?" तिने विचारलं.

"एकसष्ट."

"आणि याचं?"

"चोपन्न."

"मग सात विसरा. सात मिलिमीटर उघडते ती वीस वर्षांच्या पोराची बाहुली. तुमची पाच उघडली तरी पुष्कळ. उरलेला उजेड तुमच्या गालावर पडेल." तिने तक्त्याची नीट घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. "शिवाय एवढं मोठं भिंग रायफलीवर उंच बसतं. नेम धरताना मान ताणावी लागते. बदकासारखी."

प्रशांत खिदळला. मी तक्ता खिशात घातला. माहितीपुस्तकं लिहिणाऱ्यांची ही जुनीच खोड. यंत्राचं सगळं लिहितो, वापरणाऱ्याचं वय विचारायचं राहून जातं.

मार्लीनचा एक नियम होता. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती कोणाला स्कोप विकत नसे. "इथे सगळेच छान दिसतात," ती म्हणाली. "लग्नातल्या फोटोसारखे. साडेचारला या."

साडेचारला सूर्य मावळत होता. दुकानामागे पार्किंग, त्यापलीकडे मोकळं मैदान आणि मैदानाच्या टोकाला स्प्रूसच्या झाडांच्या रांगेपुढे तिने प्लायवूडचं एक हरीण उभं केलं होतं. शिंगं मात्र खरी. तिच्याकडे शिंगांच्या पाच-सहा जोड्या आहेत आणि त्या ती बदलत राहते, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकांना पाठ करून येता येत नाही. अंधुक उजेडात स्कोपमधून बघून शिंगांचे फाटे मोजायचे. ज्यात मोजता येतील तो आपला.

पहिला छप्पन्नचा. आधी मी बघितलं. "उजवीकडे चार, डावीकडे तीन." मग प्रशांतने बघितलं. "येस. चार-तीन."

दुसरा बेचाळीसचा, मधोमध लाल ठिपका पेटणारा, म्हणजे हरणाच्या काळोख्या अंगावर नेम धरायच्या काळ्या रेषा हरवत नाहीत. आधी मी. पुन्हा चार आणि तीन, आणि माझ्या नवलाची गोष्ट म्हणजे छप्पन्नइतकेच स्वच्छ. मग प्रशांत. "चार-तीन. ए-वन."

मार्लीन बर्फ तुडवत मैदानाच्या टोकाला गेली आणि शिंगं बदलून तिथेच बाजूला उभी राहिली. या वेळी प्रशांतने आधी डोळा लावला. बराच वेळ बघितलं. बाहीने काच पुसली. पुन्हा बघितलं.

"पाच."

"कुठल्या बाजूला?"

"दोन्हीकडे. काच जरा धुरकटच आहे हो सगळ्यांची. आणि त्या खांबावरच्या दिव्याभोवती कसलं इंद्रधनुष्य येतंय?"

मी बघितलं. उजवीकडे दोन फाटे होते, डावीकडे तीन. काच लख्ख होती. दिव्याभोवती काही नव्हतं.

"बरा वाटतोय," मी म्हणालो.

बेचाळीसचा घेतला. परत येताना प्रशांतने किल्ली माझ्या हातात दिली. "तुम्ही चालवा दाजी. विंटर टायर्सवर हात साफ होईल तुमचा." मी कॅनडात सत्तावीस वर्षं बर्फात गाडी चालवतो आहे. मी किल्ली घेतली.

त्याला शुगर आहे, त्याचं वय चोपन्न आहे, आणि त्याच्या डोळ्यात काय होत असावं हे सांगायला कुठल्या पुस्तकाची गरज नव्हती. सुनंदाला शेवटच्या वर्षात जिना चढताना धाप लागायची. मी विचारलं की ती म्हणायची, वय झालं आता. मला ते पटत नव्हतं, पण मी पटल्यासारखी मान हलवायचो आणि पान उलटायचो. तपासणीला जाईपर्यंत फार उशीर झाला होता. गाडी चालवताना मी ठरवलं की घरी पोचल्यावर प्रशांतशी बोलायचं. घरी पोचलो. वैशालीने थालीपीठ लावलं होतं. लोणी कुठलं, गाईचं की दुकानातलं, यावर आम्ही अर्धा तास चर्चा केली.

रेंज

नवा स्कोप बसवला की नेम जुळवून घ्यावा लागतो. त्यासाठी दुसऱ्या दिवशी दुपारी नेमबाजीच्या मैदानावर गेलो. लख्ख ऊन होतं. शंभर यार्डांवर पांढरा कागद, त्यावर काळं वर्तुळ. कानावर आवाज अडवणारी एवढाली बोंडं चढवून प्रशांतने दहा गोळ्या झाडल्या. पहिल्या पाच स्कोपचे स्क्रू फिरवण्यात गेल्या, शेवटच्या पाच तळहाताएवढ्या जागेत बसल्या.

"बघा! काच होती दाजी, काच! मी उगाच स्वतःला शिव्या घालत होतो वर्षभर."

कागद हातात घेऊन तो फोटो काढत होता. एवढा खूश मी त्याला मार्चनंतर बघितला नव्हता. मला वाटलं, आपलंच चुकलं असेल. असं वाटून घेणं किती सोयीचं असतं! मीही फोटोत उभा राहिलो.

ओरेस्टचं शेत

त्यानंतरच्या दिवशी शहरापासून वायव्येला दोन तासांवर ओरेस्ट नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे मुक्कामाला गेलो. ऐंशी पार केलेला हा गृहस्थ एकटा राहतो. आजोबा युक्रेनमधून आलेले. इथली पद्धत अशी की दुसऱ्याच्या शेतात शिकार करायची तर मालकाला आधी विचारायचं आणि रिकाम्या हाताने जायचं नाही. कोणी सॉसेज नेतं, कोणी बाटली. प्रशांत गेली सहा वर्षं वैशालीच्या हातचा पोह्यांचा चिवडा नेतो. ओरेस्टने बरणी छातीशी धरली आणि दुसऱ्या कोणाला त्यातला दाणाही दिला नाही.

जेवायला बीटचं लालभडक सूप होतं आणि पेरोगी. बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या तळायच्या ऐवजी उकडल्या आणि वर तळलेला कांदा घातला तर जे होईल ते पेरोगी. मी सात खाल्ल्या. ओरेस्ट म्हणाला, "हा वाचणारा माणूस बरा खातो."

सकाळी साडेसहाला निघालो. गवताच्या कडेला चार खांबांवर उभी केलेली लाकडी खोली होती, मोरीएवढी. त्यात दोन खुर्च्या आणि एक फट. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत गोळी झाडायला मनाई असते. आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. पांढऱ्या गवतावरून उजेड इतका हळू आला की तो नक्की कधी आला ते सांगता येणार नाही. मला फार शांत वाटलं. शिकारीला लोक का जातात त्यातलं निम्मं मला तिथे कळलं.

साडेसात वाजून गेल्यावर झाडीतून एक हरीण बाहेर आलं. दीडशे पावलांवर थांबलं.

"शिंगवाला," प्रशांत कुजबुजला. "बाप रे, केवढा आहे! बघताय ना?"

मी ओरेस्टची दोन डोळ्यांची दुर्बीण लावली. मादी होती. तिच्या मागे पानं झडलेलं विलोचं झुडूप होतं, त्याच्या फांद्या तिच्या कानांच्या वर आल्या होत्या. तिच्या पोटाशी त्या वर्षीचं पिल्लू उभं होतं.

प्रशांतने रायफल फटीवर टेकवली. सेफ्टीचा खटका सरकल्याचा बारीक आवाज झाला. त्याने श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही.

"मारू नको."

"काय?"

"मादी आहे. मागे झुडूप आहे, फांद्या आहेत त्या."

"शिंगं आहेत हो दाजी, मला सरळ दिसतायत—"

"पिल्लू दिसतंय का तुला?"

तो थांबला. "कुठेय पिल्लू?"

"तिच्या पोटाशी. प्रशांत, तुला दिसत नाहीये. स्कोप चांगला आहे. तुला दिसत नाहीये."

त्याने पुन्हा डोळा लावला, बराच वेळ. मग खटका मागे घेतला, नळीमागचा बोल्ट उघडला आणि एकेक काडतूस काढून हातमोज्यात ठेवलं. चार होती.

"कधीपासून माहितीय तुम्हाला?"

"दुकानापासून. तू माझं ऐकून आकडे सांगत होतास."

"मग तिथे का नाही बोललात?"

"तुझ्या ताईलाही नाही बोललो. दिसत होतं मला. वर्षभर."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर मादी गवत हुंगत होती.

"कामाच्या साइटवर जायला गाडी लागते दाजी," तो म्हणाला. "लायसन्सवाल्यांना कळलं तर गाडी बंद, मग कंपनी ऑफिसात बसवेल मला. म्हणून डॉक्टरकडेच गेलो नाही. ते गेल्या वर्षीचं हरीण... काच नव्हती ती, नाही का?"

"नसावी."

"त्या म्हातारीला कळलं असेल दुकानात?"

"कळलं असतं तर तिने तुला स्कोपऐवजी पांढरी काठी दाखवली असती. तीही साडेचारनंतरच."

तो इतक्या जोरात हसला की मादी आणि पिल्लू दोन उड्यांत झाडीत गेली. मग तो डोळे पुसत बसला. थंडीने पाणी येतं डोळ्यांत, उणे अठरा होतं.

परत

ओरेस्टला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. तेव्हा कळलं, स्वयंपाकघर मी पिवळं नाही, पांढरं रंगवलं होतं." त्याने आम्हाला अंडी करून घातली आणि निघताना विचारलं, "बायकोला कोण सांगणार?"

प्रशांतनेच सांगितलं, दारात बूट काढता काढता. वैशाली आधी म्हणाली, "म्हणून टायर्स बदलायला मला पाठवलंस होय! म्हणून वंदनेला पुस्तिका न बघता म्हणतोस! आणि मी सगळ्यांना सांगते, यांचं पाठांतर बघा!" मग ती खाली बेसमेंटमध्ये गेली आणि बराच वेळ वर आली नाही. वर आली ती फोन कानाला लावूनच. डोळ्यांच्या डॉक्टरची पहिली मोकळी वेळ घेतली आणि मला म्हणाली, "दाजी, तुम्ही थांबता ना तोवर?" मी थांबलो. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरने पडद्यावर दाखवलं. वैशालीने वाकून पाहिलं. मीही पाहिलं.

हे सगळं लिहायला मला पाच महिने लागले. एवढ्यात प्रशांतचा उजवा डोळा झाला. डावा राहिला आहे, त्याची वेळ अजून मिळालेली नाही. सध्या तो सहकाऱ्याच्या गाडीतून साइटवर जातो. रायफल त्याने विकली नाही, ती कुलपात आहे. सुनंदा नाही. मी कनाटातच राहतो, आणि डाव्या डोळ्याच्या वेळी पुन्हा एडमंटनला जाणार आहे.